आवक-जावक टपाल कॉम्प्युटरवर आणायचंय, डिझाईन कसं करावं?

बोरीकाठ (अमळनेर) – प्रश्न

नमस्कार मंडळी. मी बीसीए करून दोन वर्षं झाली, सध्या अमळनेरकडच्या एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं बघतो. संस्थेच्या चार शाळा आणि एक ज्युनिअर कॉलेज, सगळ्यांचं टपाल आधी मुख्य ऑफिसात येतं आणि मग ज्याचं त्याला जातं, रोजचे साधारण चाळीस-पन्नास कागद. आवकचा एक मोठा रजिस्टर, जावकचा एक, वाटपाची वही वेगळी.

झालं असं की मागच्या महिन्यात एका शिक्षकाच्या वैयक्तिक मान्यतेबद्दल (म्हणजे त्याच्या नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी) त्रुटी काढलेलं पत्र आलं, पंधरा दिवसांत पूर्तता करा म्हणून. रजिस्टरला नोंद आहे, नंबर आहे, तारीख आहे, पण पत्र कोणाकडे गेलं ते कोणालाच सांगता येईना. शेवटी एकोणीस दिवसांनी ते एका कपाटात दुसऱ्याच फाईलच्या पोटात सापडलं. तो शिक्षक रोज ऑफिसात येऊन विचारायचा आणि रोज आमचे शिपाई काका त्याला म्हणायचे, "कागद कोठे शे, माले माहीत नही, भाऊ." त्याचा चेहरा माझ्या डोळ्यापुढून जात नाही, म्हणून मी सरांना म्हटलं की मी सिस्टीम करून देतो, आणि ते हो म्हणाले.

आता बसलोय तर कळत नाहीये सुरुवात कुठून करू. डेटाबेसमध्ये टेबल, म्हणजे नोंदींचे तक्ते, कोणते लागतील, नंबर कसा द्यायचा, बारकोड लावायचा का, पोस्टाने गेलेल्या पत्राचं ट्रॅकिंग कसं ठेवायचं, आणि लाईट गेली तर काय. मी लॉगिनचा स्क्रीन आणि डॅशबोर्ड बनवलाय फक्त. ज्यांनी असं काम केलंय किंवा जे अशा टेबलावर बसलेत त्यांनी जरा सविस्तर सांगा ही विनंती.

---

केळीवाला_रावेर

भाऊ मी विकास सोसायटीत सचिव आहे, आमच्याकडे सहा वर्षांपासून एक्सेलच आहे आणि काम चाललंय. चाळीस कागदांसाठी एवढं सॉफ्टवेअर कशाला? एक शीट आवकची, एक जावकची, फिल्टर लावला की झालं.

फक्त एक अडचण मला आजपर्यंत सुटली नाही ती इथे विचारून घेतो. आमचा अर्धा व्यवहार बऱ्हाणपूरशी, केळीचे व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले सगळे तिकडचे. शीटमध्ये बऱ्हाणपूर शोधलं की काही पत्रं येतात आणि काही येतच नाहीत, आणि डोळ्याने बघितलं तर स्पेलिंग अगदी एकच. हे काय आहे?

---

धुळेकर_नाना

बोरीकाठ, तुमची तळमळ बघून लिहायला बसलो. मी तीस वर्षं सरकारी कार्यालयात होतो, त्यातली अकरा बारनिशीला, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावरच. तुमचे डेटाबेसचे टेबल आणि डॅशबोर्ड मला कळत नाहीत पण कागद कळतो, त्यामुळे कागदाचं सांगतो.

पहिलं म्हणजे तुमच्याकडे नोंद होती आणि तरी कागद हरवला, म्हणजे रोग नोंदणीत नाही, त्याच्या पुढच्या पायरीत आहे. लोक समजतात आवक नंबर पडला की टपाल संपलं. खरं टपाल तिथून सुरू होतं. कागद बारनिशीतून साहेबांच्या टपाल पॅडला जातो, साहेब त्यावर कोपऱ्यात टेबलाचं नाव लिहून मार्क करतात, मग तो परत बारनिशीत येतो आणि तिथून त्या टेबलाला. या तीन उड्यांपैकी दोन उड्यांची कोणी सही घेत नाही. आमच्या जुन्या हेडक्लार्कांचा एकच नियम होता, हात बदलला की सही. साहेबांकडे गेला तरी नोंद, परत आला तरी नोंद. आणि घेणाऱ्याने त्याच्या कार्यविवरण नोंदवहीत, म्हणजे आपल्याकडे आलेल्या कागदांच्या वहीत, तोच आवक नंबर चढवायचा, स्वतःचा वेगळा काढायचा नाही, नाहीतर एका कागदाला दोन नावं होतात आणि तो सापडत नाही. तुमच्या सिस्टीममध्ये एवढं जरी आलं, की हा कागद या मिनिटाला कोणाच्या हातात आहे, तरी तुम्ही जिंकलात. बाकी सगळं त्यानंतर.

दुसरं, तारखा तीन असतात आणि तिन्ही वेगळ्या ठेवा. पत्रावरची तारीख, कागद दारात आला ती तारीख, आणि तुम्ही नोंद केली ती तारीख. शनिवारी दुपारी आलेलं टपाल सोमवारी चढतं, आणि मुदत मोजायची ती मिळाल्या तारखेपासून. माहिती अधिकाराचा अर्ज घ्या, मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर ५ दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. त्या पाचातले दोन दिवस जर नोंदीच्या तारखेने खाल्ले तर काय उरतं? म्हणून मिळाल्याची तारीख नंतर कोणाला बदलता येता कामा नये, बदललीच तर कोणी बदलली ते दिसलं पाहिजे.

तिसरं, एकच पत्र दोनदा येतं. आधी ईमेलने, आठ दिवसांनी पोस्टाने मूळ प्रत, आणि मग स्मरणपत्र. तिघांना तीन नंबर पडतात, हरकत नाही, पण तिसऱ्याच्या नोंदीत पहिल्याचा नंबर दिसला पाहिजे. स्मरणपत्र आलं याचा अर्थ पहिलं पत्र कुठेतरी अडकलंय, ती धोक्याची घंटा आहे. तुमच्या कॉम्प्युटरने ती वाजवावी.

सरकारी कार्यालयांना २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे, साधारणपणे कुठलीही फाईल एका माणसाकडे कामाच्या ७ दिवसांवर राहू नये असं त्यात आहे. तुमची खाजगी संस्था असली तरी तेच माप धरा, सात दिवस झाले की त्या टेबलाचं नाव लाल दिसू द्या.

आणि एक मनापासून सांगतो, कोड लिहायच्या आधी आठ दिवस तुमच्या आवकवाल्या क्लार्कच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. गप्प बसा, फक्त बघा.

---

शहाद्याची_लेक

नानांनी जे सांगितलं ना त्यातच तुमचं डिझाईन आलंय. मी मूळची शहाद्याची, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, एका हॉस्पिटलच्या टपालाची सिस्टीम आम्ही केली होती, आणि तिथे मी हीच चूक केली होती, की टपालाच्या टेबलमध्येच 'सध्या कोणाकडे' असा एक कॉलम ठेवला आणि कागद पुढे गेला की तो बदलायचा. सहा महिन्यांनी भांडण झालं, एक म्हणे मी दिला, दुसरा म्हणे मला मिळालाच नाही, आणि माझ्याकडे फक्त शेवटचं नाव, आधीचा इतिहास पुसला गेलेला. त्यामुळे टपाल हे एक टेबल आणि हालचाल हे दुसरं. हालचालीत प्रत्येक उडीची एक ओळ, कोणी दिला, कोणाला, कधी दिला, आणि समोरच्याने घेतला म्हणून कधी दाबलं. ओळ फक्त वाढवायची, बदलायची किंवा खोडायची परवानगी डेटाबेसच्या पातळीवरच काढून टाका. दिला आणि घेतला या दोन वेगळ्या वेळा आहेत हे लक्षात ठेवा, दिलेला पण न घेतलेला कागद हाच नेमका हरवणारा कागद असतो, तेव्हा सकाळी ऑफिस उघडलं की पहिल्यांदा ती यादी दिसली पाहिजे. डॅशबोर्डवर गोल चार्ट नको, ही यादी हवी.

नंबरबद्दल. डेटाबेसचा आपोआप वाढणारा आकडा आवक नंबर म्हणून वापरू नका. एखादी नोंद मधेच फसली तर तो आकडा वाया जातो आणि पुढचा मिळतो, मग रजिस्टरमध्ये ४१२ नंतर ४१४. आपल्याकडे मधला नंबर गायब असणं म्हणजे ऑडिटवाला पहिलं तेच धरतो. त्यापेक्षा वर्ष, आवक की जावक, आणि शेवटचा नंबर असं छोटं टेबल ठेवा, नोंद करताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (म्हणजे सगळं एकत्र होईल नाहीतर काहीच होणार नाही) ती ओळ लॉक करून एक वाढवा, आणि वर्ष अधिक प्रकार अधिक नंबर यावर युनिक की टाका, म्हणजे तोच नंबर दोनदा पडणार नाही. नोंद फसली तर नंबर पण मागे येतो. १ जानेवारीला पुन्हा एकपासून. चुकून पडलेली नोंद डिलीट करायची नाही, 'रद्द' असा शेरा, कारणासकट.

जावकमध्ये एक गोष्ट फार लोक विसरतात. पत्ता दुसऱ्या टेबलमधून नुसता जोडू नका, पाठवताना पाकिटावर जो पत्ता होता तो जसाच्या तसा जावकच्या ओळीत कॉपी करून ठेवा. उद्या कोणी घर बदललं आणि तुम्ही पत्ता सुधारला, तर मागच्या वर्षीची नोटीस नव्या पत्त्यावर गेली असं तुमचं रेकॉर्ड खोटंच बोलेल. नोटीस कोर्टात गेली तर याला फार किंमत आहे, १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ असं आहे की बरोबर पत्ता घालून, तिकीट लावून, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पत्र, उलट सिद्ध होत नाही तोवर, मिळालंच असं धरलं जातं. आता 'बरोबर पत्ता' तुम्ही दाखवणार कशावरून?

रावेरवाले दादा, तुमच्या बऱ्हाणपूरचं उत्तर. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, दोन तऱ्हेने टाईप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर आहे त्याला हलंत जोडून होतो, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मधे एक न दिसणारं जोडणारं चिन्ह. डोळ्याला एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन (अक्षरं एकसारखी करून घेणं) केलं तरी ते न दिसणारं चिन्ह जात नाही, ते आपणच सेव्ह करताना बदलून घ्यावं लागतं. बोरीकाठ, तुम्ही शोधण्यासाठी एक वेगळा कॉलम ठेवा, त्यात हे एकसारखं करून टाका, सोबत पाटील-पाटिल, चौधरी-चौधरि असे ऱ्हस्व-दीर्घ पण एक करा. मूळ कॉलम मात्र क्लार्कने लिहिला तसाच. आणि जुनी पत्रं श्रीलिपीसारख्या फाँटमधली असतील तर ती आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय आयात करू नका, नाहीतर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.

एक्सेलबद्दल दादांशी थोडी असहमत. एका माणसाने एका टेबलावर ठेवायला एक्सेल चांगलंच आहे, पण त्यात समोरच्याची 'घेतला' ही सही येत नाही, आणि बोरीकाठचं दुखणं नेमकं तेच आहे.

---

सातपुडा_डाकघर

मी पोस्टात आहे, नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. पोस्टाने जाणाऱ्या टपालाचं मी सांगतो.

आधी हे की रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा आता राहिली नाही, २०२५ मध्ये ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. ज्याच्या नावाने त्याच्याच हातात पडावं अशी नोंदणी हवी असेल तर ती स्पीड पोस्टवरच जादा फी भरून मिळते, १ ऑक्टोबर २०२५ च्या नव्या दरांत ती ५ रुपये अधिक जीएसटी आहे, ओटीपी सांगून वाटप हवं असेल तर त्यालाही तेवढेच. तेव्हा तुमच्या स्क्रीनवर 'रजिस्टर / स्पीड / साधं' असा जुना ड्रॉपडाऊन करू नका. प्रकार साधं की स्पीड, आणि त्याखाली नोंदणी घेतली का, ओटीपी घेतला का, पोच मागितली का, अशा वेगळ्या खुणा ठेवा. उद्या परत काही बदललं तरी तुमचं मोडणार नाही.

पावतीवरचा नंबर तेरा घरांचा असतो. सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आय-एन ही भारताची दोन अक्षरं. त्या नऊपैकी शेवटचा आकडा तपासणीचा असतो हे बऱ्याच जणांना माहीत नाही. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागून बाकी काढायची आणि ती ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ० धरायचा आणि ११ आलं तर ५. उदाहरण म्हणून १२३४५६७८ घ्या, बेरीज २०४ येते, बाकी ६, अकरातून सहा गेले ५, म्हणजे पूर्ण आकडा १२३४५६७८५. हे तुमच्या फॉर्ममध्ये टाकलं तर हाताने टाईप करताना एक आकडा चुकला की तिथल्या तिथे कळेल. मी रोज बघतो, लोक चुकीचा नंबर घेऊन येतात आणि पत्र गेलंच नाही म्हणतात, पत्र बिचारं कधीच पोचलेलं असतं. स्वस्तातला बारकोड स्कॅनर घेतला तर टाईपच करावं लागणार नाही, तो कीबोर्डसारखाच चालतो.

दुसरी कळकळीची विनंती पिनकोडबद्दल. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली, ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी आणि संस्कृतचे मोठे कवी. त्यात पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा दाखवतात, महसुली जिल्हा नाही. प्रोग्रामर मंडळी काय करतात, जळगाव ४२५००१ आणि धुळे ४२४००१ बघतात आणि नियम लिहून टाकतात की जळगाव जिल्हा असेल तर ४२५ च हवं. मग चाळीसगाव, जिल्हा जळगाव, ४२४१०१ टाकलं की सिस्टीम म्हणते चूक. उलटं शिरपूर धुळे जिल्ह्यात आहे आणि पिन ४२५४०५. नंदुरबार तर १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं आणि पिन आहे ४२५४१२. म्हणून असा नियम टाकू नका, सहा आकडे आहेत आणि पहिला शून्य नाही एवढंच तपासा आणि पोस्ट ऑफिसचं नाव वेगळ्या रकान्यात घ्या. आमच्याकडे एका पिनखाली कितीतरी गावं-पाडे येतात, पाड्याचं नाव आणि शाखा डाकघर लिहिलं नसेल तर डाकसेवकाला डोंगर चढून परत यावं लागतं.

आणि वाटप झालं किंवा नाही झालं एवढ्या दोनच शक्यता ठेवू नका. घर बंद, पत्ता अपुरा, गाव सोडून गेला, घ्यायला नकार, परत पाठवलं, हे सगळं वेगळं आहे. नकार दिला आणि घर बंद होतं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. परत आलेलं पाकीट फोडू नका, तसंच ठेवा, आणि त्याची आवकला नवी नोंद करून मूळ जावक नंबराशी जोडा.

---

केळीवाला_रावेर

ताई, तुम्ही म्हणाल्या तसं तपासलं. माझ्या शीटमध्ये खरंच दोन तऱ्हेचे बऱ्हाणपूर निघाले. सहा वर्षांत मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय. सगळे एकसारखे केले आणि एका व्यापाऱ्याची दोन वर्षांपूर्वीची पत्रं आज सापडली. आभारी आहे.

बोरीकाठ भाऊ, गावांच्या नावाचं पण बघा. आमच्या तालुक्यातच वाघोदा बुद्रुक आणि वाघोदा खुर्द आहेत, जिल्ह्यात पिंप्री आणि वडगाव तर मोजता येणार नाहीत. नुसतं गाव लिहिलं तर गेलं कामातून.

---

शहाद्याची_लेक

बरोबर दादा. गावांसाठी सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तो घ्या, नाव फक्त दाखवायला. तालुका निवडल्याशिवाय गाव निवडताच येऊ नये.

---

बोरीकाठ (अमळनेर)

सगळ्यांना नमस्कार, उत्तर द्यायला सोळा दिवस लागले कारण नानांचं ऐकून खरंच खुर्ची टाकून बसलो. आमच्या आवकच्या टेबलावर ज्या ताई आहेत त्या आधी दोन दिवस बोलल्याच नाहीत, त्यांना वाटलं मी त्यांची चूक शोधायला आलोय. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं की ते हरवलेलं पत्र त्यांनी साहेबांच्या पॅडला लावलं होतं आणि पॅड परत आलं तेव्हा त्यात ते नव्हतं, आणि ही गोष्ट त्या कोणालाच सिद्ध करून दाखवू शकल्या नाहीत. एकोणीस दिवस त्या घरी जाऊन जेवल्या नाहीत नीट. मी लॉगिन स्क्रीन करत बसलो होतो आणि हे मला माहीतच नव्हतं.

आता जे केलंय ते सांगतो. हालचालीचं वेगळं टेबल केलं, ओळ फक्त वाढते. पॅड ही पण एक जागा धरली, साहेबांकडे किती कागद गेले आणि किती परत आले याचा आकडा ताईंना संध्याकाळी दिसतो, जुळला नाही तर कोणता कमी आहे तो दिसतो. नंबर शहाद्याच्या ताईंनी सांगितला तसा. तपासणीच्या आकड्याचा फॉर्म्युला टाकला, आमच्या मागच्या वर्षीच्या जावक रजिस्टरमधले नंबर टाकून बघितले तर त्यात सात नंबर चुकीचे लिहिलेले सापडले. सगळं ऑफिसातल्याच एका कॉम्प्युटरवर ठेवलंय, बाकीचे वायरने जोडलेत, इंटरनेट नसलं तरी चालतं, रोज संध्याकाळी बॅकअप दोन ठिकाणी.

एक गोष्ट अडली आहे. ताई म्हणतात की आम्ही रजिस्टरही लिहायचं आणि टाईपही करायचं म्हणजे काम दुप्पट, आणि सर म्हणतात रजिस्टर बंद करायचं नाही. दोघांचंही बरोबर वाटतंय. आणि लाईट गेल्यावर आलेल्या टपालाला नंबर कसा द्यायचा?

---

धुळेकर_नाना

त्या ताईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी तोंड उघडलं हे तुमच्या शेजारी बसण्याचं फळ आहे.

दुप्पट काम एक महिनाच करा, दोन्ही जुळतात का बघायला, आणि तो महिना ताईंना मदतीला एक माणूस द्या असं सरांना स्पष्ट सांगा. महिन्यानंतर हाताने लिहिणं बंद. रोज संध्याकाळी त्या दिवसाचं आवक-जावकचं पान प्रिंट काढायचं, शेवटच्या नंबराखाली रेघ मारायची, ताईंची आणि हेडक्लार्कची सही, आणि महिन्याची पानं शिवून त्याचंच रजिस्टर. सरांना कागद मिळाला, ताईंचं लिहिणं वाचलं.

लाईट गेल्यावर नंबर देऊच नका. आवकच्या शिक्क्यात तारीख असते आणि नंबराची जागा मोकळी असते. शिक्का मारा, खाली पेनाने वेळ लिहा, ताईंची छोटी सही, आणि कागद एका वेगळ्या ट्रेमध्ये. लाईट आली की त्या वेळेच्या क्रमाने नोंद करा, मिळाल्याची तारीख-वेळ शिक्क्यावरची. कोणी समोर पोच मागायला उभा असेल तर त्याच्या प्रतीवर पण तोच शिक्का, वेळ आणि सही, नंबर नंतर घेऊन जा म्हणायचं. त्याची मुदत शिक्क्यापासून सुरू होते, नंबरापासून नाही.

म्हणून तो जुना लाकडी मुठीचा शिक्का जपून ठेवा, आणि रोज सकाळी त्याची तारीख फिरवायचं काम एका माणसाच्या नावावर लावून द्या.

---

बोरीकाठ (अमळनेर)

शिक्का ताईंच्या ड्रॉवरमध्येच आहे. तारखेचा पट्टा झिजलाय, उद्या बाजारातून नवा आणतो. ट्रेसाठी सिस्टीममध्ये 'शिक्का झाला, नोंद बाकी' अशी जागा आत्ताच टाकली.